फुकटच्या जत्रेचा हिशेब

ट्रॉय, मिशिगन
ऑगस्टअखेर

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,


परवा फोनवर अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "त्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला तिकीट किती होतं?" मी "काहीच नाही" म्हटल्यावर "मग ठीक" म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला. अण्णा, एसटीच्या शिरूर डेपोत उभी हयात घालवलेला माणूस एवढ्यावर समाधान मानतो याचं मला नवल वाटलं. खरा आकडा फोनवर सांगता येत नव्हता, कारण मामंजी शेजारीच बसलेले असतात आणि खर्चात त्यांचाही वाटा आहे. म्हणून हे पत्र. वाचून झाल्यावर माझ्या सासरच्या दौंडकरांच्या हाती लागू देऊ नका.

या जत्रेला इथे 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' म्हणतात. दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्या नुसत्या ये-जा करतात आणि दुतर्फा माणसं खुर्च्या टाकून बघत बसतात. शर्यत नाही की मिरवणूक नाही. कुठे पोचायचं तर नसतंच. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी निधी हवा होता, म्हणून हे सुरू झालं. पहिल्याच वर्षी अडीच लाख माणूस लोटला. आता दहा लाखांच्या पुढे येतात असं सांगतात. गर्दीचा आकडा सांगताना माणूस कुठलाही असो हात सैल सोडतो, तेव्हा त्यातून काय वजा करायचं ते तुम्हीच करा.

रस्ता मात्र खानदानी आहे. अमेरिकेतला काँक्रीटचा पहिला मैल १९०९ साली याच रस्त्यावर झाला. फोर्डचा हायलंड पार्कचा कारखाना याच रस्त्यावर आहे. तिथे १९१३ मध्ये गाडी पुढे सरकत राहील आणि कामगार जागेवर उभा राहील अशी जोडणी सुरू झाली, आणि साडेबारा तासांचं काम दीड तासावर आलं. १९०८ साली साडेआठशे डॉलरला मिळणारी मॉडेल टी पुढे २६० डॉलरवर उतरली ती त्याचमुळे. लाल-पिवळा-हिरवा असा चौकातला सिग्नलही १९२० साली डेट्रॉइटमध्येच लागला. त्याचा आपल्याकडे काय उपयोग होतो ते राहू द्या.

आता खर्च. बघायला पैसे पडत नाहीत, पण बसायला पडतात. घडीच्या खुर्च्या घरात दोन होत्या, आम्ही माणसं पाच. सासूबाईंना खाली बसवत नाही, मामंजी खाली बसायला तयार नाहीत. तीन खुर्च्या, प्रत्येकी पस्तीस डॉलर. गाडी लावायला एका शाळेच्या हिरवळीवर तीस डॉलर घेतले. आपल्याकडे बैलगाड्याच्या घाटात शर्यत फुकट बघायला मिळते आणि खिसा रिकामा होतो तो भेळेच्या, रसाच्या आणि खेळण्यांच्या पालांवर. इथलं गणित अगदी तेच, फक्त बैल नाहीत. लिंबाचं सरबत सात डॉलर. सोहमने ते अर्धं सांडलं, म्हणजे साडेतीन डॉलर डांबराला गेले. सासूबाईंनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती म्हणून जेवणाचं वाचलं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी चटणी मागून घेतली आणि पुढचा अर्धा तास पाणी पीत राहिल्या. त्या पाण्याचे पैसे त्यांचे त्यांनी दिले.

टोप्या, उन्हाचं मलम, सोहमला एक छोटी लोखंडी मस्टँग. आणि हे "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले ते एक चकचकीत व्हीलकॅप घेऊन परत आले. एकच. चाळीस डॉलर. कुठल्या गाडीची ते विकणाऱ्यालाही खात्रीने माहीत नव्हतं. ती आमच्याकडच्या कुठल्याही गाडीला बसत नाही. सध्या मी ती भाकरीच्या पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून वापरते आणि ती तिथे बरोबर बसते.

एकूण बेरीज अडीचशे डॉलरच्या घरात गेली. आई, रुपये करून बघू नकोस, रात्री झोप लागायची नाही.

आणि तरीही पैसे वसूल झाले असं मी म्हणते. ते कसे, तर मामंजींमुळे.

पहिला तासभर ते तोंड वाकडं करून बसले होते. समोरून १९५७ची शेव्हरोले गेली, १९६४ची पाँटिॲक जीटीओ घरघरत गेली, आमच्या ह्यांच्या तोंडातून नुसते हुंकार निघत होते. मामंजी म्हणाले, "ह्याच्यात काय बघायचं? आमच्या दौंड जंक्शनला फलाटावर बसलं तर ह्याच्यापेक्षा जास्त येतंय-जातंय, आन् चहा बी मिळतो." मग ते उठून मागच्या वाहनतळाकडे गेले. तिथे गुलाबी रंगाची १९५९ची कॅडिलॅक उभी होती, मागे माशासारखे दोन पर असलेली. शेजारी तिचा मालक, ऐंशीच्या पुढचा म्हातारा, फडक्याने काच पुसत होता. मामंजींनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हलकेच लाथ मारून पाहिली आणि ह्यांना हुकूम सोडला, "विचार त्याला, ॲव्हरेज किती देते?"

ह्यांना लाज वाटली. असल्या गाडीला असलं कोणी विचारत नाही म्हणे. मी विचारलं. म्हातारा मान मागे टाकून हसला. म्हणाला, "गॅलनला दहा मैल. तेही उतार असला तर." मामंजींनी मनात भागाकार केला, "लिटरला चार!" असं पुटपुटले आणि त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने लगेच बॉनेट उघडलं. पुढचा दीड तास आम्हाला त्या दोघांत जागा नव्हती. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्रजी रेल्वेच्या नियमावलीपुरतं. पण कार्बोरेटरकडे बोट दाखवून एकाने गाल फुगवले, दुसऱ्याने मान डोलावली. मामंजींनी फावड्याने कोळसा मारण्याची नक्कल केली, तेव्हा त्याला कळलं की हे वाफेच्या इंजिनावरचे फायरमन होते, आणि त्याने त्यांना गाडीत स्टिअरिंगमागे बसवलं. स्टिअरिंग डाव्या बाजूला असूनही मामंजी आधी उजवीकडूनच चढायला निघाले होते. अण्णा, या माणसाच्या तोंडून नोकरीबद्दल मी लग्नानंतर एकदाही एवढं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी परत येताना गाडीत ते दौंडपासून मनमाडपर्यंतचे चढ सांगत होते, आणि सोहम ऐकत होता.

तिकिटाचं प्रदर्शन त्याआधी जुलैत बघून झालं होतं, म्हणून दोन्ही ताडून पाहता आलं. डिअरबॉर्नला हेन्री फोर्डने १९२९ साली उभं केलेलं एक गावच्या गाव आहे, ग्रीनफील्ड व्हिलेज. माणशी तिकीट तीस डॉलरच्या पुढे, गाडी लावायचे निराळे. मॉडेल टी तिथे रस्त्यावर धावते, त्यात बसायलाही मिळतं. दर सप्टेंबरात १९३२पर्यंतच्या गाड्यांचा उत्सव असतो, १९५१ पासून चालू आहे. पण मामंजींनी मोटारींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे वाफेच्या इंजिनांची गोल शेड आहे आणि हाताने फिरवायचं टर्नटेबल आहे. ते तिथे गेले आणि बंद होईपर्यंत हलले नाहीत. कोळशाच्या धुराचा वास आला तेव्हा म्हणाले, "हितला कोळसा चांगला हाय." तेवढ्या वाक्यासाठी तिकीट गेलं आणि मला ते स्वस्त वाटलं.

ह्यांच्या डोक्यात मात्र तिसरंच आहे. कॅलिफोर्नियात पेबल बीचला १९५० पासून एक प्रदर्शन भरतं. समुद्राकाठी हिरवळीवर गाड्या उभ्या करतात, परीक्षक वाकून वाकून बघतात. साधं तिकीट काही शे डॉलरचं, वर विमान आणि हॉटेल. २०१८ साली तिथे आपल्याकडच्या राजेरजवाड्यांच्या गाड्यांचा खास विभाग होता. मी ह्यांना सांगितलं, आपल्याच राजांच्या गाड्या बघायला दोन समुद्र ओलांडायची हौस मला नाही. अण्णांनी लहानपणी नगरला नेऊन रणगाड्यांच्या संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती गाडी दाखवली आहे, तेवढं मला पुरे. आणि माझं मत विचाराल तर दोरीपलीकडे उभी असलेली, मालक जवळ येऊ देत नाही अशी गाडी बघायला पैसे देणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणं.

अण्णा, तुमच्यासाठी एक खास बातमी आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुम्ही सांगता, की १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली ती आपल्या घोडनदीवरूनच गेली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, लाकडी बॉडी, तीस आसनं, बेडफर्ड कंपनीची. त्या बेडफर्डचं कूळ मी शोधून काढलं. बेडफर्ड इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉलची, आणि व्हॉक्सहॉल १९२५ पासून २०१७ पर्यंत जनरल मोटर्सच्या मालकीची होती. म्हणजे तुमची पहिली एसटी बनवणाऱ्या कंपनीचे मालक डेट्रॉइटचे! तुमच्या रांजणगावच्या एमआयडीसीतून २०१७ पासून जी जीप कंपास बाहेर पडते, तिच्या कंपनीची इथली कचेरी तर आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. ह्या रस्त्याला आपल्या पुणे-नगर रस्त्याची एवढी सोयरीक असून इथे लोक खुर्च्या टाकून बसतात आणि आपल्याकडे १ जूनला स्टँडवर हार घालून, पेढा वाटून गाडी पुढे जाते. अर्थात वाघोली ते शिक्रापूर गाड्यांची रांग रोजच लागते, तीही फुकट.

आता खऱ्या खर्चाकडे येते. त्या कॅडिलॅकवाल्याने जाता जाता नंबरप्लेटची गोष्ट सांगितली. इथे पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला 'ऐतिहासिक' प्लेट मिळते, तीस डॉलरमध्ये दहा वर्षांसाठी. एरवी ती फक्त प्रदर्शनाला, मिरवणुकीला काढायची. ऑगस्ट महिनाभर मात्र मोकळीक, कुठेही फिरवा. हे ऐकल्यावर ह्यांनी रात्री जागून आपल्याकडचे नियम काढले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने तसंच केलं आहे. पन्नास वर्षांहून जुनी खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरण पाच हजार, आणि नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतात. रोजच्या वापराला नाही, धंद्याला तर नाहीच.

कळलं ना मी कुठे चालले आहे? दौंडला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मामंजींची फियाट उभी आहे. १९७३ची नोंदणी, म्हणजे 'पद्मिनी' हे नाव पडण्याआधीची, कुर्ल्याच्या प्रीमियरची 'प्रेसिडेंट'. तिच्यात सध्या कडब्याच्या पेंढ्या आणि एक कोंबडी राहते. भंगारवाल्याने गेल्या वर्षी आठ हजार देऊ केले होते आणि सासूबाई तयार होत्या. आता बापलेक दोघेही म्हणतात विकायची नाही, चालू करायची. ह्यांनी इथून सुटे भाग पाठवायची यादी केली आहे. पहिल्या ओळीवर माझ्या पिठाच्या डब्याचं झाकण आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. पाऊस उघडला की एक दिवस दौंडला जाऊन या, फडकं आणि तुमचा पान्ह्यांचा डबा घेऊन. नियमात एक मेख आहे: चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच पाहिजे, मोठा बदल केलेला चालत नाही. मामंजी छातीवर हात ठेवून सांगतात, इंजिन कंपनीचंच आहे. पण सासूबाई परवा भाजी निवडताना सहज बोलून गेल्या, की मध्ये एकदा डिझेल स्वस्त होतं तेव्हा "काहीतरी बसवून आणलं होतं". बॉनेट उघडून तेवढं बघा. पेट्रोलचं मूळ इंजिन असेल तर दुरुस्तीचा अंदाज मला एकटीला कळवा. डिझेलचं निघालं तर कोणालाच काही न बोलता भंगारवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.

आईने गुडघ्याचं तेल संपल्याचं कळवलं होतं, ते पुढच्या येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. सोहमचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
सुनंदा