कंपनी फिटिंगचा आवाज

पिकअपच्या दारात कंपनीने बसवलेला स्पीकर हा स्पीकर नसतो, स्पीकर दिल्याचा पुरावा असतो. गाडी बनवणाऱ्याचं लक्ष डाल्यावर, पाट्यांवर आणि मायलेजवर असतं, आणि ते तिथेच असावं; धानाची पोती काही गाणी ऐकत नाहीत. मग दाराच्या पत्र्याला भोक पाडून त्यात बोटभर चुंबकाचा, कागदी कोनाचा एक गोल अडकवून दिला जातो. कागदाला नावं ठेवण्याचं कारण नाही. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी 1925 साली आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला, तोही कागदी कोनाचाच. शिवाय गडचिरोलीच्या जंगलाने बल्लारपूरच्या कागद गिरणीला इतका बांबू पुरवला आहे, की या जिल्ह्याने कागदाला हसणं शोभणार नाही. बिघडतं ते दाराच्या पोकळीत. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी आत उतरतं, कोन भिजतो, सुकतो, पुन्हा भिजतो, आणि दोन पावसाळ्यांत लता मंगेशकरांना कायमची सर्दी होते.

यावरचा सर्वमान्य इलाज म्हणजे बेस. सीटमागे वूफरचा डबा, सीटखाली अँप, आणि पानठेल्यापर्यंत जाणारा धबधब आवाज. माझं म्हणणं असं, की पिकअपवाल्याने विकत घेऊ नये अशी एकच वस्तू आहे, ती बेस; कारण ती गाडीत आधीच कंपनी फिटिंग येते, बोनेटखाली. हिशेब सोपा आहे. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला 2400 फेरे घेत असलं, तर प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट या दराने सेकंदाला 80 ठोके पडतात. 80 हर्ट्झ! वूफर विकणारा ज्या आवाजाचे पैसे मागतो, नेमका तोच आवाज इंजिन तेवढ्याच डिझेलमध्ये अखंड वाजवत असतं. त्यावर आणखी बेस ओतणं म्हणजे वैनगंगेला पूर आला असताना बोअर मारणं. आणि हे नुसतं वाया जात नाही, नुकसानही करतं. मोठा खर्जाचा आवाज आपल्याहून वरच्या सुरांतले बारीक आवाज कानात झाकून टाकतो. उलट क्वचितच घडतं. म्हणजे बेस वाढवला की पहिला बळी जातो तो शब्दांचा.

आणि शब्द गमावणं गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला परवडणारं नाही. हे गाव झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी आहे. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे, तारखा इथे ठरतात, आणि दिवाळीनंतर मंडई-शंकरपटांचा हंगाम सुरू झाला की होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात. जिल्ह्यात वर्षानुवर्षं रेल्वेचं स्थानक काय ते वडशालाच, त्यामुळे पुढे आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली करायचं ते रस्त्याने. तेव्हा धान काय, पडदे काय, सगळ्यांच्या नशिबी अशीच चार चाकं. हा प्रेक्षक पहाटेपर्यंत बसतो तो संवादासाठी. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्या सन्मानात वॅटचा हिशेब कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही. ज्या मुलखाचे कान वाक्यावर पोसलेले आहेत, तिथल्या ड्रायव्हरने केबिनमध्ये नुसते दणके ऐकत जावं, हे मला विसंगत वाटतं.

वॅटचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. टेपच्या खोक्यावर ‘50×4’ असं ठळक छापलेलं असतं. गाडी सुरू असताना बॅटरीवर साधारण 14.4 व्होल्ट मिळतात, स्पीकर 4 ओहमचा. एवढ्यात टेपच्या आतल्या अँपमधून, आवाज न फाटता, एका स्पीकरला कागदावरसुद्धा 26 वॅट निघत नाहीत. प्रत्यक्षात पंधरा-वीस निघाले तरी पुष्कळ. बाकीचे वॅट खोक्यावरच राहतात. त्यातही वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल, आणि कानाला तो दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात. याउलट नाटकाच्या प्रचाराला फिरणाऱ्या गाडीच्या टपावरचा भोंगा पाहा. एका वॅटला, एक मीटरवर, दारातला स्पीकर 88–90 डेसिबल देतो, तर भोंगा 105 ते 110. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट वॅटांची बचत. भोंग्यात बेस औषधालाही नसतो. तरी आज रात्री कुठल्या गावात कोणतं नाटक आहे, हे शेतात धान बांधणाऱ्यालाही कळतं, कारण तो फक्त माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात ओरडतो. टेलिफोननेही 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यावर पिढ्यांची लग्नं जमवली आणि मोडली.

तर मग केबिनमध्ये भोंगाच बसवा, असं कुणी म्हणेल. तसं नको, तासाभरात प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट पाहत बसल्यासारखं वाटेल. भोंग्याकडून घ्यायचं ते धोरण. आधी दार घ्या. स्पीकरचा कोन पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो, आणि पत्र्याची भोकं उघडी असली की पुढचा-मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. ती भोकं बंद करून आतून डॅम्पिंगचा थर लावला, स्पीकरखाली घट्ट रिंग बसवली, वर पाणी अडवणारी टोपी दिली, तर कंपनीचाच स्पीकर ओळखू येणार नाही. नंतर स्पीकर बदलायचा तर प्लास्टिकच्या कोनाचा, जास्त संवेदनशील, आणि ट्वीटर वेगळा असलेला. तो ट्वीटर डॅशबोर्डवर, कानाच्या दिशेने. सध्या सगळे बारीक सूर दारातून ड्रायव्हरच्या गुडघ्याला ऐकवले जातात, आणि गुडघ्याला गाण्यातलं फार कळत नाही.

बेसवाल्यांचा खरा आक्षेप झोपेचा आहे: रात्री दणका नसेल तर डोळा लागतो. पण 80 हर्ट्झचा दणका इंजिन रात्रभर देतंच आहे आणि त्याच तालावर डोळे मिटतात. ऐकणाऱ्याला जागं ठेवतं ते पुढे काय होणार हे कुतूहल. सासूने सुनेला घराबाहेर काढलं आणि आता भाऊ दारात उभा आहे, अशा ठिकाणी वडशातलं कुणी झोपलेलं नाही. (अगदीच पेंग आली तर गाडी बाजूला घ्यावी, तिथे कुठलाच स्पीकर कामाचा नाही.) दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा. नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीत पारा 46–47 वर जातो, एसी नसलेल्या गाडीच्या काचा खाली असतात, मग कसली ध्वनिव्यवस्था? हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. बंद केबिनमध्ये खर्जाला फुकटची चढण मिळते. काच खाली केली की वूफरचे निम्मे पैसे खिडकीतून रानात जातात. बोलण्याचा पट्टा मात्र ट्वीटरच्या टोकाशी कान असेल तर टिकून राहतो. तिसरा आक्षेप मालकाचा: गाडी माल वाहायला आहे, मेहफिलीला नाही. मालक गाडीत बसत नाही, एवढंच त्यावर उत्तर. घरापेक्षा केबिनमध्ये जास्त तास काढणाऱ्या माणसाच्या दारावर एका टायरपेक्षा कमी खर्च करायला हरकत नसावी. तेही जमत नसेल, तर डाल्यावरच्या ताडपत्रीचं फडफडणारं टोक आधी घट्ट बांधावं. त्याला सुतळी पुरते, आणि पुढच्या वळणाआधीच गाण्याचे दोन-तीन शब्द जास्त कळू लागतात.