कोकणातली बर्चची जंगलं शोधणाऱ्या साहेबांस

धामापूर, ता. मालवण

खाणींचे पर्यावरण अहवाल लिहून देणाऱ्या सल्लागार साहेबांस,


कोकणात स्प्रूस आणि बर्चची जंगलं आहेत, हे आम्हाला तुमच्याच धंद्यातून कळलं. २००७ च्या सुमारास आशापुरा माइनकेमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइट खाणीचा अहवाल झाला, त्यात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा उतरला होता, तिथल्या झाडांसकट. ती झाडं दाखवायला एकदा याच. वाट आम्ही दाखवू.

आता तुम्ही रशियापर्यंत जात नाही. आमच्याच सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, ‘पडीक’ लिहिलं की भागतं. नियमाने एका ऋतूची मोजणी पुरते, आणि तीही पावसाळा सोडून! मार्चमध्ये काळा कातळ करपलेला असतो, तेव्हा तुमची गाडी येते. श्रावणात त्याच कातळावर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात, कातळाच्या भेगांतून पाणी मुरतं आणि खाली झऱ्याला लागतं. त्या झऱ्यांवर आमच्या विहिरी आणि पोफळी जगतात. अहवालात मात्र ‘परिणाम नगण्य’.

आमचा तलाव १५३० मध्ये नागेश देसायांनी बांधला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूचा मान मिळाला. भोवतीचे डोंगर आणि राई शाबूत राहिली, म्हणून त्यात आजही पाणी आहे. हे पाणी जिथून येतं तो डोंगर तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात बसतो?

माझा खरा राग मात्र तुमच्या हाताखालच्या पोरांसाठी आहे. उन्हातान्हात फिरून ती झरे नोंदवून आणतात. मग तुम्ही सांगता, एवढा झरा यादीतून काढ, सही कर. तुम्हाला पैसे देतो खाणवाला, पोरांना पगार देता तुम्ही. २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेची रचनाच अशी की ज्याची तपासणी व्हायची, तोच तपासनीस नेमतो. सही केली तर गावाचं पाणी जातं, नाही केली तर नोकरी. त्यातला एखादा पोरगा आमच्याच तालुक्यातला असला, तर गणपतीला घरी आल्यावर आईला काय सांगेल?

त्या पोरांनी एक वाचून ठेवावं. त्याच अधिसूचनेच्या परिच्छेद ८ प्रमाणे मुद्दाम लपवलेली किंवा खोटी माहिती आढळली, तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते. म्हणजे झरा नोंदवणारा पोरगा कायद्याच्या बाजूने आहे, तुम्ही नाही.

पुढच्या जनसुनावणीला गुळगुळीत मराठी सारांश आणू नका. त्या पोरांच्या मोजणीच्या मूळ वह्या आणा, आणि त्यांनाही सोबत घेऊन या. कुठला झरा कोणी काढायला सांगितला, ते आम्ही सगळ्यांसमोर विचारणार आहोत.

धामापूरचा एक ग्रामस्थ