मोर सात, की एकच मोर सातदा?

बँकेत एकतीस वर्षं मी कॅश मोजली. त्यामुळे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात मचाणावर बसून प्राणी मोजायला स्वयंसेवक घेतात असं कळलं, तेव्हा अर्ज भरताना आत्मविश्वास जरा जास्तच होता. नोटांपुढे गवे मोजणं ते काय!

वैशाखात सागाची पानं गळून रान उघडं पडतं, नाले आटतात. तहान लागली की उरल्यासुरल्या पाणवठ्यावर यावंच लागतं, आणि चांदण्यामुळे टॉर्चशिवाय दिसतं. वाघांची खरी मोजदाद आता कॅमेरे करतात. दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. थोडक्यात, प्रत्येक नोटेला वेगळा नंबर. आमच्या रात्रीला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतात, म्हणजे आमच्या बेरजेवाचून कुणाचं काही अडत नाही. तरी मी दोन पेनं नेली होती.

मचाणावर सोबतीला एक कोरकू वनमजूर होते. माझा पांढराशुभ्र शर्ट त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिला आणि काही न बोलता आपली मळकी चादर माझ्या खांद्यावर टाकली.

पहिला मोर पावणेपाचला आला. लिहिला. पाच वाजता दुसरा, सव्वापाचला तिसरा. साडेसहापर्यंत मोर सात झाले आणि मी खूश.

“भाऊ, बरेच मोर आहेत हो इथे!”

“तीन हायेत,” ते हळूच म्हणाले. “ज्याचा पिसारा एका बाजूनं तुटला, तो चारदा आला. पाहा ना नीट.”

एकच नोट चारदा मोजणारा कॅशियर! मी निमूट खाडाखोड केली, सवयीने शेजारी सहीही ठोकली, आणि त्यानंतर खरोखरच पाहायला लागलो.

त्यामुळेच स्वर्गीय नर्तक दिसला असावा. पांढराशुभ्र, डोकं तेवढं काळं, मागे दोन लांबलचक रिबिनी. (माझ्यासारखाच शुभ्र, पण त्याला कुणी चादर दिली नव्हती.) फांदीवरून सुटायचा, पाण्याला पोट टेकवायचा आणि परत फांदीवर. तो फांदीवर टेकला तरी शेपटी अजून वाटेतच. अशा अकरा बुड्या मारल्या त्याने. तक्त्यात लिहायचं काय, तर ‘संख्या: १’. बुड्यांना रकाना नव्हता.

चंद्र वर आला तसा रातवा बोलू लागला. काउंटरवर रुपया पडावा आणि टणटण नाचत नाचत थांबावा, हुबेहूब तसा. निवृत्तीनंतरही माझा हात दोनदा सुटे गोळा करायला पुढे झाला.

मग एक सांबराची मादी आली. पाण्यापासून दहा पावलांवर थांबली, कान फिरवले, एक पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला. मी घड्याळ पाहिलं: चौदा मिनिटं. एवढ्या शंकेने तर आमचे पेन्शनर आजोबाही नोटा तपासायचे नाहीत. शेवटी वाकून प्यायली. त्या घोटांचा आवाज वरपर्यंत येत होता. माझंही नरडं सुकलं होतं, पण बाटलीचं झाकण फिरवायची हिंमत होईना.

तीनच्या सुमाराला मी “पाच मिनिटं टेकतो” म्हणालो. डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं.

“अस्वल येऊन गेलं,” वनमजूर म्हणाले.

“अहो, मग उठवायचं ना मला!”

“उठवलं असतं तं घोरनं थांबलं असतं. त्याच्यापायीच तं ते उभं होतं इतका वेळ, मान वर करून.”

माझा तक्ता त्यांच्या मांडीवर होता. तीन वाजून दहा मिनिटांपुढे ठसठशीत अक्षरात नोंद होती: अस्वल, २.

“दोन आली होती?”

“एक खाली पानी पेत होतं,” ते चादरीची घडी घालत म्हणाले, “अन् एक वर होतं.”

कॅम्पवर टेबलापलीकडच्या मुलाने तो आकडा वाचून माझ्याकडे पाहिलं. “अस्वलं दोन? नक्की?”

मी म्हटलं, “नक्की. एक तर मी अगदी जवळून ओळखतो.”