भाकीतखात्याचा कारभार

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची एक निवडणूक उरकून विजयी उमेदवाराचा शपथविधी व्हावयाच्या आतच पुढील खेपेस कोणत्या पक्षाची उमेदवारी कोणाच्या पदरी पडणार याची चर्चा सुरू करावी, ती चार वर्षे अखंड चालवावी, आणि अखेरीस ज्याच्या गळ्यात माळ पडली तो आपल्या यादीत नव्हताच ही गोष्ट कोणाच्या ध्यानी येऊ नये अशी तजवीज ठेवावी, एवढ्याचसाठी त्या देशात एक स्वतंत्र खाते अस्तित्वात आहे. राज्यघटनेत त्याचा उल्लेख नाही आणि अंदाजपत्रकात त्याची तरतूद नाही; परंतु त्याचे कारकून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून आणि दूरचित्रवाणीच्या दिवाणखान्यांतून अहोरात्र राबत असतात. अन्य कोणत्याही खात्यात अफरातफर झाली तर चौकशी बसते, दप्तर जप्त होते, निदान एखाद्या शिरस्तेदाराची बदली तरी होते. भाकीतखात्याची जुनी दप्तरे मात्र कोणी उघडल्याचे ऐकिवात नाही, म्हणून त्यांतील चार पाने चाळण्याचा उद्योग आज आरंभिला आहे.

१८६० साली रिपब्लिकन पक्षाची सभा शिकागोस भरली, तेव्हा न्यूयॉर्कचे विल्यम सिवर्ड यांची निवड इतकी मुक्रर समजली जात होती की त्यांच्या ऑबर्न गावी तोफ ठासून तयार ठेविली होती. तिसऱ्या फेरीत लिंकन निवडले गेल्याची तार आली आणि ती उडविण्याचा प्रसंग आला नाही. त्याहून मौजेची हकीकत १८८० सालची. जनरल ग्रँट यांना तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष करावे की जेम्स ब्लेन यांना संधी द्यावी यावरून त्याच पक्षात उभी फूट पडलेली असताना, जॉन शर्मन या तिसऱ्याच गृहस्थांच्या नावाची शिफारस करण्यासाठी म्हणून जेम्स गारफील्ड सभेस आले होते. त्यांचे भाषण फर्डे झाले, आणि पुढे कोंडी काही केल्या फुटेना तेव्हा चौतिसाव्या फेरीत विस्कॉन्सिनने आपली सोळा मते शर्मन यांना न देता शिफारस करणाऱ्यालाच देऊन टाकली. गारफील्ड ताडकन उठले आणि, ज्याची संमती नाही त्याला मत देण्याचा कोणालाही अधिकार नाही, अशी रीतसर हरकत त्यांनी घेतली; सभापती जॉर्ज होर यांनी ती जागच्या जागी फेटाळून त्यांना खाली बसविले, आणि छत्तिसाव्या फेरीत ते उमेदवार झाले. स्थळ पाहण्यास मध्यस्थ म्हणून नेलेल्या स्नेह्यालाच वधूपक्षाने पसंत करावे, तशी शर्मन यांची अवस्था झाली असली पाहिजे. खुद्द उमेदवारालाच ज्याची वार्ता नाही, ते भाकीतखात्याला कळले नाही याबद्दल त्या खात्याला दोष देणे क्रूरपणाचे होईल. परंतु त्याच्या पुढील कामगिरीस एवढी सबब पुरत नाही.

१९२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची सभा न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरली. उमेदवारीस दोन-तृतीयांश मते लागत. मॅकाडू यांचे लोक हटत नव्हते आणि अल स्मिथ यांचेही हटत नव्हते. वर्णानुक्रमाने पहिला मान अलाबामाचा असल्यामुळे प्रत्येक फेरीच्या आरंभी त्या राज्याचे गव्हर्नर उठत आणि चोवीस मते ऑस्कर अंडरवुड यांना दिल्याची ललकारी देत. नभोवाणी त्या काळी नुकतीच घरोघर पोहोचू लागली होती, त्यामुळे ही ललकारी साऱ्या देशाला तोंडपाठ झाली. पंधरवडाभर हा क्रम चालून एकशे तिसऱ्या फेरीत जॉन डेव्हिस हे तिसरेच गृहस्थ निवडले गेले आणि नोव्हेंबरात कूलिज यांच्याकडून सपशेल पराभूत झाले.

अलीकडे उमेदवार राज्याराज्यांतील प्राथमिक निवडणुकांतून ठरतो, रात्रीच्या रात्री बंद खोल्यांत खल चालत नाही, म्हणून अंदाज अधिक शास्त्रशुद्ध झाले असावेत असा भाबड्या मनुष्याचा समज होईल. वस्तुतः खात्याने आता नुसते भाकीत न करता ‘आघाडीचा उमेदवार’ नावाचा माल स्वतःच तयार करण्यास आरंभ केला आहे. ज्याचे नाव पुढे आहे त्याला देणग्या मिळतात, देणग्या मिळतात म्हणून त्याचे नाव पुढे राहते, आणि हे चक्र पहिले मत पडेपर्यंत उत्तम फिरते. २००७ मध्ये रूडी जुलियानी बहुतेक वर्षभर देशव्यापी चाचण्यांत अग्रभागी होते. मते मोजावयाची वेळ आली तेव्हा जानेवारी संपण्यापूर्वी त्यांनी माघार घेतली. जेब बुश यांच्या पाठीराख्या संस्थेने २०१५ च्या पहिल्या सहामाहीतच दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा केली आणि त्यांच्या पदरात पडले चार प्रतिनिधी. याही बाबतीत पहिला मान १९८० च्या जॉन कॉनली यांचाच. त्यांनी एक कोटी दहा लाख डॉलर खर्चून सबंध देशातून एकच प्रतिनिधी मिळविला. मुनीमगिरी केलेल्या कोणाही मनुष्यास हा दर जड वाटेल.

बरे, मते पडल्यावर तरी निकाल कळावा! आयोवात २०१२ साली मिट रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे त्या रात्री पुकारले गेले. सुमारे पंधरवड्याने दप्तर पुन्हा तपासता रिक सँटोरम चौतीस मतांनी पुढे असल्याचे आढळले. आणि पक्षाच्या राष्ट्रीय सभेस गेलेले बहुतेक प्रतिनिधी निघाले तिसऱ्या आलेल्या रॉन पॉल यांचे. याच राज्याच्या जत्रेत लोण्याच्या गाईचे दर्शन घेऊन, काडीला टोचलेली डुकराची चाप छायाचित्रकारांसमक्ष खाल्ल्यावाचून कोणास पुढे जाता येत नाही. तेथे एक दूरचित्रवाणी केंद्र उमेदवारांच्या नावांच्या बरण्या मांडून ठेवते आणि लोक आवडीच्या बरणीत मक्याचा एकेक दाणा टाकतात. खात्याच्या समग्र सामग्रीत मला ही बरणीच त्यातल्या त्यात विश्वसनीय वाटते, कारण दाणे कोणाच्या बाजूला झुकले याचे स्पष्टीकरण ती दुसऱ्या दिवशी लिहीत नाही.

स्पष्टीकरण ही या खात्याची खरी कमाई. २०२० साली जो बायडन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले, तेव्हा त्यांचे मृत्युलेख छापून झाले. महिना संपता संपता साउथ कॅरोलायनाने त्यांना उठवून बसविले, तेव्हा हे अटळच कसे होते हेही त्याच लेखण्यांनी तितक्याच प्रांजळपणे सिद्ध केले. २०१५ मध्ये ट्रम्प यांच्या उमेदवारीच्या बातम्या हफिंग्टन पोस्टने मनोरंजन विभागात ढकलल्या होत्या. या साऱ्या गोतावळ्यात पत राखणारा एकच गृहस्थ माझ्या पाहण्यात आला. वॉशिंग्टन पोस्टचे स्तंभलेखक डाना मिलबँक यांनी, ट्रम्प यांना उमेदवारी मिळाल्यास आपण आपले सदर कागदासकट खाऊ, असे लिहून दिले होते. आणि मे २०१६ मध्ये एका कुशल आचाऱ्याकडून वर्तमानपत्राचे नाना पदार्थ करवून घेऊन त्यांनी ते लोकांदेखत खाल्ले.

आता २०२८ चा मोसम सुरू झाला आहे. २०२५ च्या मे महिन्यात पीट बुटिजेज आयोवाच्या सीडर रॅपिड्स गावी प्रकटले, जुलैत कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम साउथ कॅरोलायनाच्या खेड्यापाड्यांतून हिंडले. अशा दौऱ्यांचे प्रयोजन पक्षकार्य याखेरीज दुसरे काही नसते, हे आपणांस ठाऊक आहेच. रिपब्लिकनांच्या बाजूस व्हान्स की रुबिओ याची खलबते चालू आहेत. भाकीतकारांचे टाक पुन्हा भरले आहेत, पण मिलबँक यांच्यासारखी पैज घेण्यास कोणी पुढे येईलसे दिसत नाही. भाकिते आता कागदाऐवजी पडद्यावर उमटतात, आणि काच शिजवण्याची कृती अद्याप कोणत्याही पाकपुस्तकात आलेली नाही.