वरून थोडं

लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की बाकीचे लोक तो पितात. नाना तो तपासतात. एक घोट, डोळे मिटलेले, भुवया वर, आणि मग वाढप्याला हाक: "मीठ फिरवा हो एकदा." मीठ आपल्या एकट्यालाच हवंय अशी शंकाही त्यांना येत नाही. ते सगळ्या पंगतीच्या वतीने मागतात.

असा एक नाना प्रत्येक घराण्यात असतो. मिसळ समोर येण्याआधी तो तर्री मागून ठेवतो, उडप्याच्या सांबारात लिंबू पिळतो आणि मोठ्या हॉटेलात रुमाल मांडीवर पसरायच्या आत वेटरला कांदा-लिंबू आणायला पिटाळतो. खरं तर आपलं ताट वाढायची पद्धतच अशा लोकांच्या सोयीची आहे. वर मधोमध मीठ, शेजारी लिंबाची फोड, डाव्या हाताला चटणी-कोशिंबीर. म्हणजे दुरुस्तीचं सामान जागेवरच. पण ते वापरायचे नियम फार नाजूक. चटणी दोनदा मागितली तर कौतुक, मिठाला बोट लावलं तर अपमान. नानांनी मिठाला बोट लावलं नाही असं एकही जेवण काकूंना आठवत नाही. "आधी चव तरी बघा!" असं त्या म्हणतात. "बघितली, म्हणूनच," असं नाना म्हणतात. या दोन वाक्यांवर त्यांचा संसार उत्तम चालला आहे.

नानांची मुलगी नोकरीनिमित्त बँकॉकला असते, मीही तिथलाच नोकरदार. यंदा नाना तिच्याकडे आले. काकू गुडघ्यांमुळे ठाण्यालाच राहिल्या. मुलगी ऑफिसला गेली की दुपारी नानांना जेवायला नेण्याचं काम माझ्याकडे. इथे सुखुमवित रस्त्यावर स्कायट्रेनचं चक्क 'नाना' नावाचं स्टेशन आहे. त्या पाटीखाली नानांना फोटो हवा होता, आणि मुलगी तो विषय सारखी का बदलते ते त्यांना कळत नव्हतं. बँकॉक पाहिलेल्यांना कळेल.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी नूडल्सचं दुकान आहे. चाळीच्या तळमजल्यावर असावं तसं, पुढून उघडं. दर्शनी बाजूला काचेचं कपाट, त्यात शेवया जाडीप्रमाणे मांडलेल्या, मागे रटरटणारं पातेलं. मालकीणबाईंना गल्लीतले सगळे 'पा' म्हणतात. आपण मावशी म्हणू त्या चालीवर. लांब दांड्याच्या जाळीच्या झाऱ्यात शेवया आणि मोड आलेले मूग टाकायचे, उकळत्या पाण्यात बुडवायचे, दोन झटके देऊन वाडग्यात उपडे करायचे, वर कोंबडीचा रस्सा, तळलेला लसूण, कोथिंबीर. पन्नास-साठ बाटमध्ये काम होतं.

नानांना पाड थाई हवं होतं, कारण तेवढंच नाव पाठ होतं. ते इथे मिळत नाही, म्हणून मी त्यांना त्याची गोष्ट सांगितली. फिबुनसोंग्क्राम नावाचे लष्करी पंतप्रधान होते. त्यांनी 1939 मध्ये सयामचं नाव बदलून थायलंड केलं आणि पुढच्या काही वर्षांत लोकांनी नूडल्स खाव्यात म्हणून सरकारी जोर लावला. पाड थाई घराघरांत गेलं ते त्या काळात. मूळच्या शेवया चिनी लोकांनी आणलेल्या, वरचा संस्कार थाई. नानांना हा माणूस फार आवडला. अख्ख्या देशाच्या ताटात हात घालणारा गृहस्थ त्यांना प्रथमच भेटत होता.

वाडगा आला. नानांनी घोट घेतला, डोळे मिटले, भुवया वर नेल्या. "सपक आहे."

मी टेबलावरची चौकडी पुढे सरकवली. स्टीलच्या दांडीत बसवलेल्या चार बरण्या: भाजलेल्या मिरचीचं तिखट, व्हिनेगरमधल्या मिरच्या, मिरची घातलेलं माशाचं खारं पाणी, आणि साखर. "म्हणजे हे आपणच घालायचं?" हो. "आणि बाईंना राग?" नाही नाना, इथे तीच रीत आहे. साखर पाहून परदेशी माणसं दचकतात. नाना आमटीत गूळ घालणाऱ्या घरातले. त्यांनी निमूट दोन चमचे घातले, मग तिखट, मग आंबट, आणि पांकडे हळूच पाहिलं. पा शेवया झटकत होत्या. नानांनी माशाचं पाणी जरा उंचावरून, दिसेल असं ओतलं. तरी काही नाही.

शेजारच्या टेबलावर गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेली एक मुलगी येऊन बसली. वाडगा समोर येताच तिने घोटही न घेता साखर ओतली, वर तिखटाचा ढीग केला आणि मोबाइल बघत ढवळायला लागली.

"अरे!" नाना हादरले. "आधी चव तरी बघ म्हणावं तिला. बाईंनी सकाळपासून रस्सा उकळलाय."

हे वाक्य मी कुठे ऐकलंय ते मी बोललो नाही.

जेवण छान झालं होतं, रस्सा ठीक जमला होता, पण नाना उदास दिसत होते. विरोधच नाही म्हटल्यावर घालण्यात मजा काय? शेवटी त्यांनी खिशातून ठेवणीतलं अस्त्र काढलं. फिल्मच्या रोलची काळी डबी, आत काकूंनी बांधून दिलेली लसूण-खोबऱ्याची चटणी. भरपूर वेळ घेत त्यांनी चिमूट-चिमूट चटणी वाडग्यावर पेरली.

आता मात्र पा आल्या. डबीत वाकून पाहिलं, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली. डोळे मिटले. भुवया वर गेल्या. "आरोइ," त्या म्हणाल्या, म्हणजे छान. नाना खुलले. मग पांनी आमच्या चौकडीतून साखरेचा चमचा भरून घेतला, डबीत रिकामा केला, झाकण लावलं, दोन झटके दिले आणि डबी नानांच्या हातात ठेवून त्या पातेल्याकडे परतल्या.

"कुणी सांगितलं होतं हिला?" नाना ताडकन उठले. "काय कमी होतं तिच्या चटणीत? सांगा, विचारा तिला! काय कमी होतं?"

माझं थाई बिल मागण्यापुरतंच. "पा," मी म्हणालो, "चेक बिन."