पट्टे, ठिपके आणि पक्षीकाका

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली की सोसायटीतल्या एकाचा तरी पक्षीकाका होतो. गळ्यात दुर्बीण येते आणि १९४१ साली पहिल्यांदा निघालेल्या सलीम अलींच्या पुस्तकाच्या ताज्या आवृत्तीला देवघराखालोखाल मान मिळतो. थंडीतल्या रविवारी पहाटे हा पुण्याहून कवडीपाटला निघतो. पक्ष्यांच्या नजरेत भरू नये म्हणून घातलेला मातकट-हिरवा शर्ट वाटेतल्या मिसळीच्या हॉटेलात मात्र सगळ्यांच्या नजरेत भरतो.

पक्षी दिसला की पक्षीकाका त्याची झडती घेतो. तारेवरच्या काळ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या पक्ष्याला शेंबडं पोरही कोतवाल म्हणेल. काकाला चोचीच्या मुळाशी असलेला पांढरा ठिपका हवा असतो. तो सापडेपर्यंत कोतवाल उडालेला असतो.

काठावर बसलेल्या मातकट वंचकानं एकदा पंख उघडले आणि तो पांढराशुभ्र झाला. काकाच्या वहीत त्या दिवशी दोन पक्षी लागले.

पण ज्ञान पक्कं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आंब्यावर हा ठिपक्याठिपक्यांचा कोण हो?"

"कोकिळा."

"कोकिळा तर काळी असते!"

"काळा तो नर. लाल डोळ्यांचा. कुहू कुहूही त्याचंच." मराठी कवींनी पिढ्यान्‌पिढ्या बाईच्या नावावर खपवलेलं गाणं काकानं असं एका वाक्यात नवऱ्याला परत केलं. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

अडचण होते ती झुडपातल्या चिमुकल्या तपकिरी पक्ष्यांची. वटवट्यांचे प्रकार अनेक, सगळे सारखेच दिसणारे आणि एकही क्षणभर स्थिर न बसणारा. अशा वेळी काका "पिल्लू आहे" म्हणतो. पिल्लाला कुठलाही रंग चालतो.

जूनच्या सुरुवातीला गच्चीसमोरच्या शिरीषावर एक राखाडी पक्षी येऊन बसला. शेपटीवर आडवे पट्टे, डोळा पिवळा. "शिक्रा!" काका कुजबुजला. "शिकारी पक्षी. आता बघा, बुलबुल कसे पळतात." बुलबुल पळालेही. शिक्र्याची आकड्यासारखी चोच तेवढी तपासायची राहिली. तेवढ्यात पक्ष्यानं मान वर करून तोंड उघडलं.

"अहो, 'पेरते व्हा' म्हणतोय तो," आतून काकू म्हणाल्या. "पावशा आहे."

काकानं दुर्बीण पुसली, पुन्हा लावली.

"शिक्रा उडाला," तो म्हणाला. "त्याच फांदीवर आता पावशा येऊन बसलाय."