यंत्राची चित्राहुती

शारजातलं घर आवरायला काढलं आणि काय न्यायचं, काय टाकायचं याचे सगळे अधिकार बायकोनं स्वतःकडे घेतले. माझे कोट, माझी मासिकं, माझा बंद पडलेला व्हीसीआर यांची रवानगी एकेक करून ‘टाकायचं’ या खोक्यात झाली. मात्र पत्र्याच्या डब्यातली एक कॅसेट तिनं आपल्या हँडबॅगेत ठेवली. “ही सामानात जायची नाही. ही माझ्याबरोबर विमानात येईल.” कॅसेटवर माझ्या वडिलांच्या मास्तरी वळणाच्या अक्षरात ‘चि. यास समक्ष’ एवढंच लिहिलंय आणि त्याखाली हिच्या अक्षरात ‘पुसू नये’. पाठीमागचे प्लास्टिकचे दोन्ही दात तिनं केव्हाच मोडून टाकलेत, म्हणजे चुकूनसुद्धा कुणी तिच्यावर लतादीदी भरू नयेत.

ती कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली ते मी फेब्रुवारी १९८६मध्ये घेतलं. मी तेव्हा देरा दुबईत चौघांत एका खोलीत राहत होतो. एक मी, दुसरा आमच्या राजापूरकडच्या वाडीतलाच, आमच्या घराला घर लागून असलेला, तिसरे केरळचे चेट्टन आणि चौथे पेशावरचे ड्रायव्हर खानसाब. गावी आवाज पोचवायचा तर फोनचं बिल पगाराच्या खांद्याला खांदा लावायचं, आणि आमच्या गावात फोन होता तो बाजारातल्या पोस्टात, घरापासून दीड कोसावर. पत्राला दहा-बारा दिवस. त्यातून अमिरातीत तेव्हा दारावर पोस्टमन येतच नसे. पत्र कंपनीच्या पोस्टातल्या पेटीत पडायचं आणि शिपायाला आठवण झाली की आपल्या हातात. म्हणून आखातातला प्रत्येक माणूस कॅसेट भरायचा आणि सुट्टीवर निघालेल्याच्या बॅगेत कोंबायचा. केरळात तर या पत्रव्यवहाराची गाणी झाली होती. एस. ए. जमील यांची ‘दुबई कत्तु’ ही पत्रगीतं चेट्टन दर गुरुवारी रात्री लावत. आम्हाला एक शब्द कळत नसे, पण कुठल्या ओळीला चेट्टन पाठ फिरवून इस्त्री करायला लागतात, ते पाठ झालं होतं.

तर अब्रात बसून खाडी ओलांडली आणि बर दुबईच्या अल फहिदी रस्त्यावर गेलो. मला साधा रेकॉर्डर हवा होता. दुकानदारानं तळहातावर मावेल असा एक समोर ठेवला आणि म्हणाला, “ये आवाज सुनके खुद चालू होता है. आप चूप, तो ये भी चूप. टेप बचेगा.” रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला ‘सुंदर आहे’ म्हणा, ‘जपानी आहे’ म्हणा, तो हलणार नाही. ‘बचेगा’ म्हणा. एकशेचाळीस दिरहमचे एकशेदहा केले, साडेतीननं गुणून रुपये काढले, पोटात गोळा आला आणि घेतला.

पुस्तिकेत त्याची रीत लिहिलेली होती. माइकवर ठरावीक पातळीच्या वर आवाज पडला की मोटर सुरू होते, लाल दिवा लागतो; काही सेकंद शांतता गेली की मोटर थांबते, दिवा विझतो, पण यंत्र बंद होत नाही, कान टवकारून बसून राहतं. पातळी कमी-जास्त करायला बाजूला एक बटण. अमेरिकेच्या निक्सनसाहेबांनी १९७१ साली आपल्या कचेरीत हीच सोय करून घेतली होती. त्यांची नोकरी कशानं गेली हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं, आपल्याला लपवण्यासारखं आहे काय?

चौघं भोवती बसलो. मी म्हणालो, “हॅलो, एक दोन तीन.” यंत्र म्हणालं, “लो, एक दोन तीन.” चेट्टन म्हणाले, “सुगमाणो?” यंत्र म्हणालं, “गमाणो?” खानसाबांनी ‘सलाम’ घातला तर ‘लाम’ परत आला. चूक कुणाचीच नव्हती. आवाज कानावर पडून मोटर जागी होईपर्यंत, म्हणजे म्हातारा माणूस हाक ऐकून चष्मा शोधीपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढ्यात, पहिलं अक्षर निघून गेलेलं असे.

खरी पंचाईत मे महिन्यात झाली. खिडकीतला एसी हे आमच्या खोलीतलं पाचवं माणूस, आणि सर्वांत बोलकं. पातळी खाली ठेवली की यंत्राला एसी हाच वक्ता वाटे आणि तासाभराची कॅसेट त्याच्या घरघरीनं भरून जाई. वर ठेवली तर मला आईशी फेरीवाल्याच्या आवाजात बोलावं लागे. शेवटी एकच उपाय, एसी बंद. मग मी पलंगावर बसून ‘आई, मी इथे अगदी मजेत आहे’ असं सांगायचो आणि बाकीचे तिघं बनियनवर, टॉवेलनं मान पुसत, माझी मजा संपायची वाट बघायचे. चौथ्या मिनिटाला खानसाब दोन्ही हात जोडायचे. माझ्या त्या वेळच्या सगळ्या पत्रांचा शेवट घाईत झाला आहे. आईला वाटे, पोराला काम फार.

त्याआधी एकदा ते यंत्र चुकून चालू राहिलं होतं. तारीख सांगायची गरज नाही, तरी सांगतो: १८ एप्रिल १९८६, शुक्रवार. शारजात भारत-पाकिस्तान अंतिम सामना. आपले २४५, त्यात गावसकरांचे ९२. आम्ही खोलीत टीव्हीसमोर. शेवटचा चेंडू, चार हव्यात, चेतन शर्मा धावत निघालेला. पुढचं सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांच्या पोटात अजून दुखतं. खानसाबांनी आरोळी ठोकली. मग त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि स्वतः उठून टीव्ही बंद केला. त्यानंतर तासभर त्या खोलीत कुणी ब्र काढला नाही. टेपवर हे सगळं आहे, फक्त तो तास नाही. मियांदादचा षटकार, खानसाबांची आरोळी, आणि लगेच त्यांचाच पडलेला आवाज: “…य पिओगे?”

जूनमध्ये सुट्टीवर गेलो तेव्हा यंत्र घरी ठेवायला नेलं. खोलीत ऐकायला टू-इन-वन होताच. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचली आणि दोन ठिकाणी जपान्यांचं इंग्रजी सुधारलं. आई मात्र यंत्रापुढे बसेना. लाल दिवा लागला की म्हणे, “बघतोय मेला माझ्याकडे.” धूळ बसू नये म्हणून तिनं त्याला क्रोशाचं झाकण विणलं आणि ते घालूनच बोलायचा आग्रह धरला, त्यामुळे तिची पहिली कॅसेट विहिरीतून आल्यासारखी ऐकू येई.

पहिलं अक्षर गिळण्याच्या दोषावर भाऊंनी तोडगा काढला. “जेवायला बसल्यावर पानाबाहेर चित्राहुती घालतो की नाही आपण? तशी याला वाक्याआधी एक घालायची.” म्हणजे प्रत्येक वाक्याआधी ‘श्री’ म्हणायचं. श्री यंत्रानं खावं, उरलेलं वाक्य मुलाला पोचावं. कल्पना हेडमास्तरी होती आणि चालली. यंत्र कधी अख्खा श्री गिळे, कधी नुसती ‘ई’ शिल्लक ठेवी. “ई पत्र पोचलं,” भाऊ सांगायचे. जगात कुणाकडे नव्हतं तेव्हा आमच्या घरून ई-पत्र येत होतं.

चित्राहुतीचा उपयोग झाला नाही तो पावसापुढे. ऑगस्टमध्ये एका गाववाल्याबरोबर कॅसेट आली. एसी बंद करायची गरज नव्हती, तरी मी आदरानं केला. भाऊंचं “ई सर्व क्षेम” झालं आणि कौलांवर जो पाऊस सुरू झाला तो झालाच. यंत्राला तो आवाज माणसाचा वाटला. अर्धा तास, पूर्ण बाजू, पाऊस. मध्ये एकदाच आई लांबून ओरडते, “वाळत घातलेलं काढा हो!” मी ओशाळून बटणाकडे हात नेला, तर खानसाबांनी तो धरला. “रहने दो.” बाहेर पंचेचाळीस डिग्री, दमट हवेनं खिडकीची काच घामेजलेली, आणि चार माणसं पत्र ऐकावं तसा पाऊस ऐकत बसलेली. बाजू संपली तेव्हा चेट्टन म्हणाले, “दुसऱ्या बाजूला पण असेल.” दुसऱ्या बाजूला भाऊंनी पोस्टातल्या ठेवींवरचे व्याजदर सांगितले होते. खोलीत फार नाराजी पसरली. पुढे कित्येक शुक्रवार ती पहिली बाजू मागून घेऊन लावली जाई.

आता ती हँडबॅगेतली कॅसेट. ती दिवाळीनंतर आली. भाऊ आणि आई माझ्यासाठी देवरुखला मुलगी बघून आले होते आणि निकाल यात होता. हे अख्ख्या खोलीला माहीत होतं. खानसाबांनी खजूर आणून ठेवले होते. भाऊंनी प्रवासाचं वर्णन केलं, एसटीचं, घराचं, पोह्यांचं. मग ते थांबले. महत्त्वाचं वाक्य उच्चारण्यापूर्वी वर्गातही ते असेच थांबत. यंत्रही थांबलं. आणि त्या एका वाक्याच्या गांभीर्यात भाऊ श्री म्हणायला विसरले. टेपवर स्वच्छ, ठणठणीत आवाजात आलं:

“पसंत करण्यासारखं मुलीत काही नाही.”

खानसाबांना मराठीतला एवढा शब्द कळला. “पसंद नहीं? खल्लास,” म्हणत त्यांनी खजुरांवर झाकण घातलं.

मी मनाशी उत्तर जुळवत होतो, आणि टेप चालूच होता. लांब एक कावळा ओरडला. भांडं पडलं. मग आईचा आवाज, कधी नव्हे इतका मोकळा: “…द झालं का हो?” भाऊ म्हणाले, “दिवा गेला म्हणजे झालं.” दिवा गेला होता खरा, पण पुस्तिका डिक्शनरी घेऊन वाचणाऱ्या माणसानं हे विसरावं! यंत्र अंधारात कान टवकारून बसलं होतं. लगेच भाऊ सुरू झाले, “…ण्णानं गडगा सरकवलान. चांगला दोन हात आत घेतलान. फणस त्याच्याकडे गेला म्हणजे समजेल तुला.”

हे अण्णा म्हणजे आमचे शेजारी. त्यांचा मुलगा माझ्या डाव्या हाताला बसून खजुराची बी चोखत होता. मी टू-इन-वनवर झडप घातली आणि बंद केला. खोलीत तासाभराची शांतता पसरली, षटकारानंतरची होती तशीच. मग तो बी काढून हातात घेत म्हणाला, “दोन नाही. एक हात.”

मी तो टेप पुढे ऐकलाच नाही. ट्रंकेच्या तळाला टाकला आणि घरी पत्र लिहिलं, की आपणांस मुलीत पसंत करण्यासारखं काही दिसलं नसेल तर आग्रह नको. उलट टपाली भाऊंचं निळं हवाईपत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर माझंच वाक्य उतरून काढलेलं, ‘पसंत’च्या आधी लाल शाईनं हंसपद, आणि वर एकच अक्षर: ना. खाली सही. मार्क दिले नव्हते इतकंच.

१९८७च्या मे महिन्यात लग्न झालं. पुढच्या वर्षी शारजात दोन खोल्या घेऊन हिला आणलं. मी कामावर असताना एका दुपारी हिनं माझी ट्रंक लावायला काढली आणि कॅसेट लावून बघितली. संध्याकाळी मी आलो तर चहा नाही. टेबलावर टू-इन-वन. हिनं बटण दाबलं. सासऱ्यांचा स्वच्छ, ठणठणीत आवाज. मी धावत जाऊन हवाईपत्र आणलं, हंसपद दाखवलं. हिनं ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, अक्षर मिळवून पाहिलं. “ना तुम्हीसुद्धा घातला असेल,” ती म्हणाली. मी आईची शपथ घेतली. तेव्हा कुठे तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“पुढचं ऐकलंत?”

“गडग्याचं ना?”

“त्याच्या पुढचं.”

काल रात्री खोकी बांधून झाल्यावर तिनं तळाला भरलेला टू-इन-वन पुन्हा बाहेर काढला. मी चिकटपट्टीच्या गुंडाळीचं टोक शोधत होतो. गडगा सरकला. फणस गेला. कावळा. मग यंत्र झोपलं असणार, कारण एकदम आई येते, अगदी जवळून. भाऊंच्या शेजारी बसून भाजी निवडत असावी. “…लगी हुशार आहे हो. डोळ्यांत दिसतं.” पुन्हा झोप. त्यानंतर, बराच वेळ विचार करून बोलल्यासारखी:

“…धड्याला हो म्हणेल का ती?”

टेपवर येतं ते एवढंच. ‘ग’ बायको स्वतः घालते, दरवेळी, अगदी वेळेवर.